घरातल्या वायफायची किल्ली कुणाकडे?

आज आपण एका छोट्या डब्याबद्दल बोलणार आहोत. टीव्हीच्या शेजारी, नाहीतर भिंतीवर खिळ्याला टांगलेला, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला असतो तो. त्याचं नाव राऊटर. आपल्याकडं कुणी त्याला मोडेम म्हणतं, कुणी नुसतं 'वायफायचा डबा'. लाईट गेली की सगळ्यात आधी त्याची आठवण होते आणि लाईट आली की आपण त्याला विसरून जातो.

औंढा नागनाथ तालुक्यातलं आपलं जवळा बाजार हे बाजारपेठेचं गाव. बाजार समिती, दुकानं, आजूबाजूच्या खेड्यांची ये-जा. अशा गावांत आता खांबावरून फायबरची बारीक तार घराघरांत उतरू लागली आहे. २०११ साली केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली. तिलाच पुढं भारतनेट नाव पडलं. त्याशिवाय खाजगी कंपन्या आहेत, गावातले केबलवाले आहेत. पूर्वी रेंजसाठी गच्चीवर जावं लागायचं. आता हळदीचा भाव, लेकरांचा अभ्यास, बँक सखीचे व्यवहार, गटाच्या नोंदी असलेलं लोकओएस ॲप, सगळं या एका डब्यावर चालतं.

पण या डब्याचा पासवर्ड काय आहे, असं घरातल्या बाईला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते पोराला माहीत आहे," किंवा "जोडून देणाऱ्या भाऊनं टाकलाय." तो पासवर्ड बऱ्याच घरी आपलाच मोबाईल नंबर असतो, नाहीतर मालकाचं नाव आणि पुढं १२३. तो गल्लीतल्या निम्म्या पोरांना पाठ असतो. ज्या बाईच्या नावावर कनेक्शन आहे, तिलाच तेवढा माहीत नसतो.

आता कुणी म्हणेल, वापरलं कुणी थोडं नेट तर काय बिघडलं? पाणी मागितलं तर आपण नाही म्हणतो का? तर एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच राज्यातली आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. तो कुठून आला याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. ई-मेल त्याच्या इंटरनेट जोडणीवरून गेलेला. त्याची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. त्याचा त्या ई-मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि कुणीतरी जवळपास येऊन त्यावरून ई-मेल पाठवून निघून गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी ई-मेल गेले, एक मुंबईत माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून आणि एक चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांची पथकं कुठं कुठं वायफाय उघडं आहे ते शोधत फिरली, आणि दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

आपल्या गावात अतिरेकी येणार आहेत असं आम्हाला म्हणायचं नाही. पण मूळ मुद्दा गावातही तोच आहे. तुमच्या घरात दहा मोबाईल वायफायला जोडलेले असले तरी बाहेरच्या जगाला ते दहा दिसत नाहीत. बाहेर एकच पत्ता दिसतो, तुमच्या डब्याचा. कुणी त्यावरून खोट्या नावानं खातं उघडून एखाद्या मुलीचे फोटो टाकले, धमकी दिली, पैशाची फसवणूक केली, तर पोलीस कंपनीला विचारतात आणि कंपनी ग्राहकाचं नाव सांगते. ते नाव तुमचं. तुम्ही निर्दोष आहात हे पुढं सिद्ध होईलही, पण तोवरचे हेलपाटे तुमचे, आणि गावातली कुजबुजही तुमच्याच वाट्याला. आपल्याकडं बाईच्या नावाला ती कुजबुज किती चिकटते हे वेगळं सांगायला नको.

काही भीती मात्र उगाचच्या आहेत, त्याही काढून टाकू. शेजारच्यानं आपलं वायफाय वापरलं म्हणून त्याला आपले व्हॉट्सॲपचे निरोप वाचता येत नाहीत. बँकेच्या ॲपमधला पिनही असा सहज हाती लागत नाही. हे सगळं मोबाईलमधून निघतानाच कुलूपबंद होऊन निघतं. तसंच उलट बाजूनं. डबा ज्याच्या ताब्यात आहे त्याला कोणकोणते मोबाईल जोडलेत हे दिसतं, काही डब्यांत कोणत्या वेबसाइट उघडल्या त्यांची नावंही दिसू शकतात, पण तुम्ही आईशी काय बोललात हे त्यातून कळत नाही. कुणी घरात "मला सगळं दिसतं" असा धाक घालत असेल तर हे लक्षात ठेवा.

खरा धोका वेगळ्या जागी आहे, आणि तो समजायला आधी हे कळलं पाहिजे की डब्याला दोन किल्ल्या असतात.

पहिली किल्ली म्हणजे वायफायचा पासवर्ड. तो टाकला की मोबाईलला नेट मिळतं. ही झाली ओट्यावर येऊन बसायची परवानगी. दुसरी किल्ली डब्याच्या आतल्या खोलीची, म्हणजे सेटिंगची. तिला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. ही ज्याच्याकडं आहे तो पहिली किल्ली बदलू शकतो, कुणाचा मोबाईल बंद करू शकतो, सगळंच उलटंपालटं करू शकतो. आणि गंमत बघा, पहिली किल्ली बदलणारेही दुसरी तशीच सोडून देतात. कितीतरी डब्यांवर ती कारखान्यातून आली तशीच असते, नाव 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन'.

ही दुसरी किल्ली परक्याच्या हाती गेली तर काय होतं? आपण मोबाईलवर बँकेचं नाव टाकतो तेव्हा डबा आधी कुणालातरी विचारतो, "या बँकेचा पत्ता काय?" पत्ता मिळाला की मग तिथं जातो. सेटिंगमध्ये शिरलेला माणूस हा वाट सांगणाराच बदलू शकतो. परगावात आपण रस्ता विचारावा आणि कुणी मुद्दाम चुकीच्या गल्लीत पाठवावं, तसं. समोर बँकेसारखंच दिसणारं पान येतं, आणि आपण तिथं नंबर टाकतो. म्हणून एखादं पान 'असुरक्षित' असल्याचा इशारा मोबाईलनं दिला तर बँकेच्या कामात पुढं जायचं नाही, मागं फिरायचं.

२०१६ साली मिराई नावाचा एक व्हायरस जगभर पसरला. त्यानं फार हुशारी केली नव्हती. त्याच्याकडं कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, 'ॲडमिन-ॲडमिन' त्यातच. ती यादी घेऊन तो घराघरांतल्या कॅमेऱ्यांची आणि राऊटरची दारं ठोठावत गेला. जिथं कुणी पासवर्ड बदलला नव्हता तिथं आत शिरला. अशी लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

आता बदलायचं कसं ते सांगतो. दुपारी, घरात नेटचं कुणाचं तातडीचं काम नसेल अशी वेळ धरा. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

डबा उलटा करा. खाली किंवा मागं एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि बहुतेक वेळा सेटिंगचा पत्ता, नाव आणि ॲडमिन पासवर्ड छापलेला असतो. अक्षरं मुंगीएवढी असतात, म्हणून मोबाईलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा. तो फोटो कुणाला पाठवायचा नाही, स्टेटसला तर मुळीच नाही.

सोपी वाट म्हणजे कंपनीचं ॲप. जिओचं फायबर असेल तर माय जिओ, एअरटेलचं असेल तर एअरटेल थँक्स. ज्या नंबरावर कनेक्शन घेतलं त्या नंबरानं ॲप उघडायचं, आपलं कनेक्शन निवडायचं, की त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलायची सोय सापडते. इथंच एक गोष्ट तपासून घ्या. तो नंबर कुणाचा आहे? बिल तुम्ही भरता, आणि नंबर पुण्याला कामाला गेलेल्या दिराचा किंवा जोडून देणाऱ्याचा, असं असेल तर ओटीपी त्यांच्याकडं जाणार. आधी कंपनीकडं नंबर बदलून घ्या.

केबलवाल्याचं किंवा बीएसएनएलचं कनेक्शन असेल, किंवा ॲप जमत नसेल, तर दुसरी वाट. मोबाईल आपल्या वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर मोबाईल भलत्याच रस्त्यानं जायला बघतो. मग क्रोम उघडा आणि वर जिथं वेबसाइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीत चिठ्ठीवरचा आकड्यांचा पत्ता टाका. बऱ्याच डब्यांना तो १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या डब्याला १९२.१६८.२९.१. आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे आणि मधले ठिपके विसरायचे नाहीत. इथं मोबाईल 'असुरक्षित' म्हणेल. बँकेच्या वेळी अशा इशाऱ्याला मागं फिरा असं आत्ताच सांगितलं, पण इथं आपण आपल्याच घरातल्या डब्याशी बोलतोय, म्हणून पुढं जायला हरकत नाही.

नाव आणि ॲडमिन पासवर्ड टाकला की सेटिंगचं पान उघडतं. ते इंग्रजीत असतं आणि प्रत्येक कंपनीचं निराळं, त्यामुळं पहिल्यांदा बघून डोकं गरगरतं. घाबरू नका. त्यात 'वायरलेस', 'वायफाय' किंवा 'डब्ल्यूलॅन' असं लिहिलेलं शोधा आणि त्याच्या आत 'सिक्युरिटी'. तिथं पासवर्डचा रकाना असतो, काही डब्यांत त्याला 'पासफ्रेज' किंवा 'प्री-शेअर्ड की' म्हणतात. जुना पुसा, नवा टाका, 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबा. त्याच पानावर कुलपाचा प्रकारही दिसतो. तो 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' असावा. 'डब्ल्यूईपी' दिसलं तर ते फार जुनं, सहज फुटणारं कुलूप आहे, बदला. बाकी कशाला हात लावू नका. 'वॅन' नावाच्या भागाला तर अजिबात नाही. त्यात कंपनीशी जोडणारी माहिती असते आणि ती बिघडली की नेटच बंद पडतं.

बऱ्याच डब्यांतून एकाच वेळी दोन वायफाय निघतात, एकाच्या नावापुढं ५जी लिहिलेलं असतं. पासवर्ड दोन्हींचा बदलायचा. पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं, असं व्हायला नको.

आणि मग ती दुसरी किल्ली. 'सिस्टीम', 'मॅनेजमेंट' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन' अशा भागात ॲडमिन पासवर्ड बदलायची जागा असते. तो वायफायच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवा. काही कंपन्या हा भाग ग्राहकाला उघडूच देत नाहीत. मग जोडून देणाऱ्याला घरी बोलवा आणि तुमच्यासमोर बदलायला सांगा.

नवा पासवर्ड कसा असावा? निदान आठ अक्षरं लागतातच, पण आठवर थांबू नका. लांबी हीच खरी ताकद. मोबाईल नंबर, लेकराचं नाव, जन्मसाल, गावाचं नाव, देवाचं नाव, हे सगळे ओळखीचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत टाकून बघतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. टिटवी, उखळ, पाटा, चांदणी. इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे आणि मध्ये कुठंतरी दोन आकडे टाकायचे. तुमच्या लक्षात राहतो आणि दुसऱ्याला सुचत नाही. हेच चार शब्द मात्र घेऊ नका, ते आम्ही रेडिओवर सांगितलेत आणि आता छापूनही आलेत. वायफायच्या नावातही आडनाव, घर नंबर टाकू नये. रस्त्यावरून जाणाऱ्याला कुठलं वायफाय कुणाचं हे कशाला कळायला हवं?

पासवर्ड बदलला की सगळ्यांचं नेट एकदम जातं. घरात ओरडा होईल, होऊ द्या. घरच्यांचे मोबाईल, टीव्ही, कॅमेरा असेल तर तो, एकेक करून पुन्हा जोडा. कॅमेरा बहुतेक वेळा विसरला जातो आणि चार दिवसांनी कळतं की त्यात काही रेकॉर्ड झालेलंच नाही.

डब्याच्या मागं सुईएवढ्या भोकात एक बटण असतं, रीसेटचं. पासवर्ड विसरला की ते काडीनं दाबा, असं पोरं सांगतात. फायबरच्या डब्याला हे करू नका. त्यानं पासवर्डाबरोबर कंपनीनं भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते. मग माणूस येईपर्यंत नेट नाही, आणि आपल्याकडं माणूस कधी येतो हे तुम्हाला माहीतच आहे. मदतीसाठी नंबर लागला तर तो बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्यायचा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबराला लावायचा नाही, कारण तिथं चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. समोरचा एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला सांगू लागला की फोन ठेवून द्या. आणि कुणाच्या बाबतीत पैसे गेलेच, तर १९३० या नंबरावर लगेच, त्याच तासात फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

इथवर मोबाईलचं काम झालं. अवघड काम याच्यापुढं आहे. संध्याकाळी शेजारची काकू येते, "वहिनी, पासवर्ड बदलला का गं? आमच्या बंडूचं नेट येईना." आता काय सांगायचं?

एक गोष्ट समजून घ्या. हल्ली जोडलेल्या मोबाईलमध्ये वायफायच्या सेटिंगला 'शेअर' असं बटण असतं. ते दाबलं की चौकोनी क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच मोबाईलमध्ये त्याच्याखाली पासवर्ड सरळ लिहिलेला दिसतो. म्हणजे तुम्ही बंडूला दिलात की तो बंडूच्या मित्रांना मिळाला. तुम्ही एकाला दिलेला असतो आणि पंधरा जण वापरत असतात. ते कोण, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. सानपाड्याची गोष्ट इथं आठवा.

पण शेजारधर्मही सोडवत नाही, आणि सोडूही नये असं आम्हाला वाटतं. त्यासाठी बऱ्याच डब्यांत 'गेस्ट नेटवर्क' म्हणून सोय असते. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या लेकराला तो द्या आणि परीक्षा संपली की बंद करा. घरच्यांचं वायफाय तसंच राहतं, पुन्हा सगळे मोबाईल जोडत बसायला नको. जबाबदारी मात्र याही नेटची आपलीच, म्हणून ओळखीच्यालाच द्यायचा. नाही म्हणणं जड जात असेल तर "कनेक्शन माझ्या नावावर आहे, काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील," एवढं खरं खरं सांगा. बहुतेक जणींना पटतं.

घरातलीही बाजू आहे. पासवर्ड बदलला आणि तो नवऱ्याला किंवा पोरालाच माहीत राहिला, तर आपण जिथं होतो तिथंच. बँक सखीचं काम करणाऱ्या बाईचं नेट भांडणानंतर कुणी बंद केलं, तर त्या दिवशी तिच्याकडं पैसे काढायला आलेली म्हातारी रिकाम्या हातानं परत जाते. म्हणून दोन्ही किल्ल्या तिच्याकडं असाव्यात. घरच्यांना वायफायचा पासवर्ड जरूर द्या. ॲडमिनचा मात्र बिल भरणाऱ्या, नाव असलेल्या बाईकडं राहू द्या.

काही गट मिळून एक कनेक्शन घेतात आणि सगळ्याजणी वर्गणी काढून वापरतात. कल्पना चांगली, पण ते ज्या एकीच्या नावावर असतं तिच्यावर सगळ्यांची जबाबदारी येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही आपल्या जागेतून लोकांना वायफाय देऊ शकतो, पैसे घेऊनही. त्याला परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही, मात्र नोंदणी झालेल्या एखाद्या कंपनीच्या मार्फत करावं लागतं. वापरणारा आपल्या मोबाईल नंबरानं ओळख पटवून आत येतो, त्यामुळं कोण वापरतंय याची नोंद राहते. गटाला गल्लीत नेट पुरवायचंच असेल, तर एकीच्या घरचा पासवर्ड वाटण्यापेक्षा ही वाट बरी. पुढच्या बैठकीत विषय काढून बघा.

राहता राहिलं, पासवर्ड लिहून ठेवावा का? ठेवावा. कागदावर लिहायला हरकत नाही, चोर काही इंटरनेटवरून तुमच्या पत्र्याच्या पेटीत शिरत नाही. भिंतीवर, कॅलेंडरवर किंवा डब्याच्याच डोक्यावर मात्र नको. रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक ठेवता त्याच पिशवीत, तारीख घालून, दोन्ही पासवर्ड दोन ओळींत लिहा आणि कुठला कशाचा तेही लिहा. घरात कुणी काम सोडून गेलं, भाडेकरू बदलला, किंवा कुणाचा मोबाईल हरवला, की ती चिठ्ठी काढायची, पासवर्ड बदलायचे, जुनी ओळ खोडायची आणि खाली नवी तारीख टाकायची.